स्टेपर ड्रायव्हर सारखे उडतायत? मोटरकडून उलट येणाऱ्या व्होल्टेजचा बंदोबस्त असा करा

मशीन बंद, मेन स्विच बंद, प्लगसुद्धा भिंतीतून काढलेला, आणि तरी गॅन्ट्री (मशीनचा सरकता आडवा भाग) हाताने मागे ढकलली की ड्रायव्हरवरचा, म्हणजे स्टेपर मोटरला करंट देणाऱ्या बोर्डवरचा, हिरवा दिवा लागतो. बेल्टवालं सीएनसी किंवा थ्रीडी प्रिंटर हाताळलेल्या बहुतेकांनी हे एकदा तरी बघितलेलं असतं, आणि कपॅसिटरमध्ये उरलासुरला चार्ज असेल म्हणून सोडून दिलेलं असतं. पण तो उरलेला चार्ज नसतो. त्या क्षणी तुमची मोटर जनरेटर झालेली असते आणि तुम्ही हाताने वीज तयार करून ती ड्रायव्हरला उलट्या बाजूने पाजत असता.

हे मला नीट कळलं ते कोल्हापूरला. शिवाजी उद्यमनगरात एका मित्राचं गॅस्केट कापायचं छोटं युनिट आहे, त्याच्यासाठी मी एक ड्रॅग नाइफचं, म्हणजे पातं ओढत नेऊन कापणारं, मशीन बनवून दिलं होतं. नेमा २३ मापाच्या मोटर, ३६ व्होल्टचा एसएमपीएस (एसीचं डीसी करणारा पॉवर सप्लाय), डीएम५४२ टाइपचे ड्रायव्हर, १० किलोच्या आसपासची गॅन्ट्री. चार महिन्यांत तीन ड्रायव्हर गेले, आणि तिन्ही वेळा एक्स ॲक्सिसचाच. पहिल्या वेळी वाटलं माल खराब निघाला असेल, दुसऱ्या वेळी फॅन बसवला, तिसऱ्या वेळी मात्र काहीही न बदलता दिवसभर तिथे नुसतं बसून काम कसं चालतं ते बघितलं. दर नवीन शीटला ऑपरेटर मशीन बंद करायचा आणि गॅन्ट्रीला एक जोरदार धक्का देऊन मागे पाठवायचा, म्हणजे शीट टाकायला जागा होते. दिवसातून तीस-चाळीस वेळा. त्यात त्याची काहीच चूक नव्हती, कारण हे करायचं नाही असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

तर या लेखात एकच प्रश्न सारखा विचारायचाय: ही एनर्जी जाणार कुठे? ड्रायव्हरच्या आत मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतात, त्यांची व्होल्टेजची एक मर्यादा असते, आणि मोटरकडून आलेल्या एनर्जीला दुसरीकडे जायला वाट नसली की सप्लायच्या लाइनवरचं व्होल्टेज चढत जातं, मर्यादा ओलांडतं, आणि मॉस्फेट शॉर्ट होतो. टीव्हीएस डायोड (व्होल्टेज चढलं की ते दाबून धरणारा डायोड) लावला, झालं काम, असं बरेच जण सांगतात, पण ते अर्धवट आहे. व्होल्टेज चार वेगवेगळ्या वाटांनी येतं आणि दर वाटेचा उपाय वेगळा, म्हणून आधी तुमच्याकडे यातलं काय होतंय ते ओळखा.

चार वाटा

पहिली वाट म्हणजे हाताने फिरवणं. स्टेपरच्या रोटरमध्ये कायमचं मॅग्नेट असतं, शाफ्ट फिरला की कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होणारच, सप्लाय चालू असो नाहीतर बंद. ड्रायव्हरमधल्या प्रत्येक मॉस्फेटला आतूनच एक बॉडी डायोड असतो, आणि एका कॉइलच्या चार मॉस्फेटचे चार डायोड मिळून आयता ब्रिज रेक्टिफायर तयार होतो. मोटरचं एसी त्यातून डीसी होऊन थेट सप्लायच्या प्लसवर येतं, म्हणून दिवा लागतो. किती व्होल्ट येतील याचा अंदाज मोटरच्या लेबलवरून काढता येतो: दर १०० आरपीएमला साधारण ७.४ गुणिले होल्डिंग टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये, भागिले रेटेड करंट. नेमा १७ ची नेहमीची मोटर, ०.४ न्यूटन-मीटर, १.७ अँपियर, म्हणजे १०० आरपीएमला पावणेदोन व्होल्ट. नेमा २३ ची १.९ न्यूटन-मीटर, २.८ अँपियरवाली, म्हणजे १०० आरपीएमला ५ व्होल्ट. आता पुलीच्या एका फेरीत गॅन्ट्री ४० मिलिमीटर सरकते असं धरा. सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने ढकललं तर मोटर ७५० आरपीएमने फिरते, म्हणजे नेमा १७ मधून १३ व्होल्ट आणि नेमा २३ मधून जवळपास ३८ व्होल्ट. जरा जोरात, सेकंदाला ८० सेंटिमीटर ढकललं तर नेमा २३ मधून ६० व्होल्टपर्यंत जायची ताकद आहे. डीएम५४२ ची मर्यादा ५०. एसएमपीएस जोडलेला असेल तर त्याचे कपॅसिटर आणि आतला छोटा लोड यातला बराच भाग खातात म्हणून दर वेळी ड्रायव्हर उडत नाही, पण हे असं किती दिवस चालेल याचा काही भरवसा नाही. लीडस्क्रूला ड्रिल मशीन लावून ॲक्सिस पटकन वर-खाली करणारेही असतात, त्यांनी हे गणित एकदा स्वतःच्या मोटरवर करून बघा.

दुसरी वाट, वेगात चाललेली गॅन्ट्री अचानक थांबवणं. गतीतली एनर्जी ड्रायव्हर उलटी सप्लायकडे ढकलतो. बॅटरी असती तर तिने ती घेतली असती, एसएमपीएस घेत नाही, तो फक्त द्यायचं काम करतो. मग तेवढ्या वेळापुरतं लाइनचं व्होल्टेज वर जातं. याची खूण अशी की रॅपिड मूव्ह (न कापता पूर्ण वेगाने सरकणं) संपताना सप्लाय ट्रिप होतो किंवा ड्रायव्हरचा लाल दिवा लागतो, आणि बंद करून चालू केलं की सगळं परत ठीक.

तिसरी, चालू ड्रायव्हरमधून मोटरची वायर निघणं. कॉइलमध्ये करंट वाहत असतो, वायर सुटली तरी कॉइल तो करंट थांबू देत नाही, आणि जितक्या झटक्यात तो तुटेल तितकं व्होल्टेज मोठं. यातली एनर्जी तशी चिमूटभर असते, त्या नेमा २३ मध्ये १४ मिलीज्यूलच्या आसपास, पण ती काही मायक्रोसेकंदांत बाहेर येते आणि कनेक्टरच्या फटीत ठिणगी पडते. ढिला कनेक्टर असेल तर ही ठिणगी सेकंदाला कितीतरी वेळा पडते.

चौथी वाट मोटरची नाहीच, सप्लाय जोडतानाची आहे, पण ड्रायव्हर मेल्यावर दोन्ही एकसारखंच दिसतं म्हणून इथेच सांगतो. लांब वायर म्हणजे इंडक्टन्स, आणि ड्रायव्हर बोर्डवरचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर. चालू सप्लायची पिन खुपसली की हे दोघं मिळून झोका घेतात आणि व्होल्टेज सप्लायच्या दुपटीपर्यंत उसळी मारू शकतं. ए४९८८ या छोट्या ड्रायव्हरची मर्यादा ३५ व्होल्ट, म्हणजे २४ व्होल्टच्या सप्लायने एकही स्टेप न फिरवता तो उडू शकतो. पोलोलू कंपनीवाल्यांनी त्यांच्या ए४९८८ बोर्डच्या माहितीत तर १२ व्होल्टवरसुद्धा हे होऊ शकतं असं स्पष्ट लिहिलंय आणि निदान ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावायला सांगितलंय.

स्टेप १: मेलेला ड्रायव्हर फेकू नका, तो तपासा

मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवा. सगळ्या वायर काढलेल्या हव्यात. काळी प्रोब सप्लायच्या प्लसवर आणि लाल प्रोब एकेका मोटर आउटपुटवर, मग उलट, लाल प्रोब ग्राउंडवर आणि काळी एकेका आउटपुटवर. चांगल्या ड्रायव्हरमध्ये आठही ठिकाणी बॉडी डायोडचा आकडा येतो, साधारण ०.४ ते ०.६, आणि आठही जवळपास सारखे. एखाद्या ठिकाणी ०.००, म्हणजे तो मॉस्फेट शॉर्ट. एकाच कॉइलचे मॉस्फेट गेले असतील तर आधी त्या कॉइलच्या वायरवर संशय घ्या. दोन्ही कॉइलचे गेले असतील किंवा प्लस-ग्राउंडच थेट शॉर्ट दाखवत असेल तर बहुधा लाइनचं व्होल्टेज चढलं होतं. ही काही शंभर टक्के खूण नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

स्टेप २: व्होल्टेज खरंच किती चढतं ते मोजा

ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच, पण नसला तरी अडत नाही. साध्या मल्टिमीटरवर हे दिसत नाही कारण तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि आपला खेळ काही मिलीसेकंदांत संपतो. म्हणून पीक पकडायचं छोटं सर्किट बनवा: ड्रायव्हरच्या प्लसपासून एक यूएफ४००७ डायोड, पट्टी प्लसच्या विरुद्ध बाजूला, त्याच्या पट्टीकडच्या टोकापासून ग्राउंडला १ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर, आणि मीटर त्या कपॅसिटरवर. डायोड चढलेलं व्होल्टेज आत घेतो आणि परत जाऊ देत नाही. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहम धरला तर कपॅसिटर रिकामा व्हायला दहा सेकंदांच्या वर लागतात, आकडा वाचायला भरपूर वेळ मिळतो. खर्च वीस-तीस रुपये. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एकाच दुकानात मिळून जातं.

हे सर्किट पॅनलमध्ये ड्रायव्हरच्या टर्मिनलवरच जोडा, सप्लायच्या टर्मिनलवर नको, कारण आपल्याला ड्रायव्हरला काय दिसतं ते बघायचंय. मग मशीन चालू करून सगळ्यात वेगवान रॅपिड मूव्ह द्या आणि थांबताना आकडा बघा. कोल्हापूरच्या मशीनवर ३६ चे ४७ झालेले दिसले तेव्हा मित्र काही बोललाच नाही, नुसता मीटरकडे बघत राहिला. त्यानंतर सप्लाय बंद करून, दिवा विझू देऊन, गॅन्ट्री हळूहळू वेग वाढवत हाताने ढकलून बघा. आकडा ड्रायव्हरच्या मर्यादेच्या तीन चतुर्थांशाला पोचला की थांबा, मुद्दा सिद्ध झाला, उगाच ड्रायव्हर गमावू नका.

स्टेप ३: फुकटचे उपाय आधी

ॲक्सेलरेशन कमी करा. हा उपाय लोकांना पटत नाही कारण त्यात काही विकत घ्यायचं नसतं, पण आकडे बघा. १० किलोची गॅन्ट्री सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चाललीय, तिची एनर्जी सव्वा ज्यूल, रोटरची स्वतःची मिळवून १.४ ज्यूल. मोटरची कॉइल १.१ ओहमची आणि करंट २.८ अँपियर, म्हणजे मोटर गरम होण्यातच दर सेकंदाला ८.६ ज्यूल जातात. आता ही गॅन्ट्री ०.०५ सेकंदात थांबवली तर मोटर स्वतः फक्त ०.४३ ज्यूल जिरवते, थोडं घर्षणात जातं, आणि उरलेली ०.९ ज्यूलच्या आसपासची एनर्जी सप्लायच्या लाइनवर येऊन पडते. तीच गॅन्ट्री ०.२ सेकंदात थांबवली तर मोटरची जिरवायची ताकद १.७ ज्यूल होते, म्हणजे असलेल्या एनर्जीपेक्षा जास्त, आणि लाइनवर जवळपास काहीच येत नाही! ग्रबल हे सीएनसीचं कंट्रोल सॉफ्टवेअर वापरत असाल तर $१२० आणि $१२१ या एक्स आणि वाय ॲक्सिसच्या ॲक्सेलरेशनच्या सेटिंग १०,००० वरून २,५०० वर आणा, एवढंच. दर थांबण्याला वाया जाणारा वेळ एक दशांश सेकंदापेक्षाही कमी. गॅस्केटच्या कामात तर तो फरक कुणाला जाणवलाही नाही.

हाताने ढकलायची गरजच काढून टाका. शीट टाकायला जागा हवी असते ना, मग प्रोग्रॅमच्या शेवटी गॅन्ट्री मागे पार्क करायची एक ओळ टाका, किंवा पॅनलवर एक जॉगचं बटण द्या. ऑपरेटरला "ढकलू नको" सांगून काही होत नाही, त्याला दुसरी सोपी वाट द्यावी लागते. तरी कधी ढकलावंच लागलं तर हळू ढकला. वेग निम्मा केला की व्होल्टेज निम्मं, आणि दिवा लागत नसेल इतक्या हळू सरकवलं तर काहीच बिघडत नाही.

सप्लाय निवडतानाही मार्जिन ठेवा. ड्रायव्हरवर ५० लिहिलंय म्हणून ४८ चा सप्लाय लावला तर उलट येणाऱ्या व्होल्टेजला फक्त २ व्होल्ट उरले. ५० च्या ड्रायव्हरला ३६, टीबी६६०० वर ९ ते ४२ लिहिलेलं असतं त्याला २४, असं ठेवा. थ्रीडी प्रिंटरवाल्यांनी विशेष लक्ष द्या, टीएमसी२२०९ ची चालवायची मर्यादा २९ व्होल्टच आहे, डीआरव्ही८८२५ ची ४५. प्रिंटर १२ वरून २४ वर नेताना टीएमसी२२०९ तोच ठेवला तर त्याचं मार्जिन १७ वरून ५ वर येतं आणि हे कुणी सांगत नाही. आणि एसएमपीएसवरचा तो छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवायचा मोह टाळा.

स्टेप ४: कपॅसिटर, आणि तो ड्रायव्हरजवळ

आता विकतचे उपाय. कपॅसिटर म्हणजे आलेल्या एनर्जीला थांबायला ओसरी. जितकी मोठी ओसरी तितकं व्होल्टेज कमी चढणार. वरच्याच उदाहरणातली ०.९ ज्यूल ३६ व्होल्टच्या लाइनवर ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये कोंबली तर व्होल्टेज ७१ च्या पुढे जातं. तीच एनर्जी ४,७०० मायक्रोफॅरडमध्ये गेली तर ४१ ला थांबते. हिशोब सोपा आहे: सुरुवातीच्या व्होल्टेजचा वर्ग घ्या, त्यात दुप्पट एनर्जी भागिले कपॅसिटन्स मिळवा, कपॅसिटन्स फॅरडमध्ये घ्यायचा हं, आणि वर्गमूळ काढा.

विकत घेताना ३६ च्या लाइनला ६३ व्होल्टचा घ्या, ५० चा नको. १०५ डिग्रीवाला, लो ईएसआर, म्हणजे आतला रेझिस्टन्स कमी असलेला, असेल तर जास्त चांगलं. प्लस-मायनस दोनदा बघून लावा, उलटा लागलेला मोठा इलेक्ट्रोलिटिक फुटतो आणि डोळ्याला इजा होऊ शकते. ड्रायव्हरपासून वायर बोटभर लांब असावी, फार तर वीतभर. मीटरभर लांब वायरच्या टोकाला सप्लायशेजारी लावलेला कपॅसिटर चौथ्या वाटेसाठी निरुपयोगी. लहान बोर्डवर, म्हणजे ए४९८८ वगैरे, १०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा थेट पिनवर सोल्डर केला तरी बहुतेक काम होतं, त्याने तो झोकाही मरतो.

मोठ्या कपॅसिटरवर २.२ किलोओहम २ वॉटचा एक रेझिस्टर कायमचा समांतर लावून ठेवा. मशीन बंद केल्यावर अर्ध्या मिनिटात कपॅसिटर रिकामा होतो आणि पुढच्या माणसाचा हात वाचतो. फारच मोठा कपॅसिटर, म्हणजे १०-२० हजार मायक्रोफॅरडवाला, लावला तर काही एसएमपीएस चालू होताना हिचके देतात, तेव्हा गरजेपुरताच लावा.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बरेच जण एसएमपीएस वाचवायला म्हणून प्लसमध्ये एक शॉटकी डायोड सिरीजमध्ये टाकतात. उलटा करंट सप्लायकडे जात नाही हे बरोबर, पण मग सप्लायच्या आतले कपॅसिटरही मदतीला येत नाहीत आणि सगळी एनर्जी ड्रायव्हरजवळच्या छोट्या कपॅसिटरवर येऊन पडते. डायोड टाकलात तर ड्रायव्हरच्या बाजूला मोठा कपॅसिटर लावणं सक्तीचं समजा.

आणि हीच गोष्ट इमर्जन्सी स्टॉपची! कोल्हापूरच्या मशीनवर मीच ई-स्टॉपचा काँटॅक्टर (मोठा रिले) डीसी बाजूला, सप्लाय आणि ड्रायव्हरच्या मधे बसवला होता. म्हणजे गॅन्ट्री पूर्ण वेगात असताना कुणी लाल बटण दाबलं की नेमक्या त्याच क्षणी ड्रायव्हर सप्लायपासून तुटणार, मोटर गतीमुळे फिरत राहणार, आणि तयार झालेल्या व्होल्टेजला कुठेच जागा नाही. ई-स्टॉप एसी बाजूला घ्या. सेफ्टीसाठी डीसी तोडणं भागच असेल तर मोठा कपॅसिटर काँटॅक्टरच्या पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला हवा, आणि कंट्रोलरलाही त्याच बटणाचा सिग्नल द्या. स्पिंडल वगैरे कशाने बंद होतं तेही एकदा तपासा, कारण माणसाची सेफ्टी ड्रायव्हरच्या आधी.

स्टेप ५: टीव्हीएस डायोड, पण नंबर नीट वाचून

टीव्हीएस हा उशिरा जागा होणारा पण वेगाने धावणारा रखवालदार आहे. ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत गप्प, त्यानंतर एकदम करंट पिऊन लाइन दाबून धरतो. गडबड होते ती नंबरमध्ये. एसएमबीजे३३ए वरचा ३३ म्हणजे तिथपर्यंत तो गप्प बसतो असा अर्थ. तो जागा होतो ३६.७ ते ४०.६ च्या मधे कुठेतरी, आणि पूर्ण करंटला तर ५३.३ व्होल्ट होऊ देतो. म्हणजे ३५ व्होल्टच्या ए४९८८ ला हा डायोड लावला तर ड्रायव्हर आधी जाणार, डायोड नंतर जागा होणार. पी६केई आणि १.५केई मालिकेत तर आकडा जागं होण्याच्या व्होल्टेजचा असतो, त्यामुळे एकाच आकड्याचे दोन डायोड वेगळे वागतात.

२४ व्होल्टच्या लाइनला एसएमबीजे२४ए लावा, तो २६.७ ते २९.५ ला जागा होतो आणि १५ अँपियरला ३८.९ पर्यंत जातो, पण आपल्या कामात करंट एक-दोन अँपियरच असतो म्हणून ३० च्या आसपास धरतो. त्यासाठी सप्लाय खरंच २४ चा हवा, २५ च्या वर चढवलेला नको. १२ व्होल्टला एसएमबीजे१२ए चालतो, पण सप्लाय १२.५ च्या आत आहे का ते मोजून घ्या, नाहीतर १५ए घ्या. ३६ व्होल्टला एसएमबीजे४०ए, तो ४४.४ ते ४९.१ ला जागा होतो, म्हणजे ५० च्या ड्रायव्हरला अगदी काठावर. एकदिशी घ्यायचा, पट्टी प्लसकडे, आणि पाय शक्य तितके आखूड.

मात्र टीव्हीएस हा क्षणभराच्या झटक्यासाठी आहे. त्याची ६०० वॉटची ताकद एक मिलीसेकंदाच्या आसपासच्या पल्ससाठी मोजलेली असते. गॅन्ट्री दर दोन सेकंदांनी थांबवून दर वेळी ज्यूलभर एनर्जी त्यात ओतली तर तो तापून शॉर्ट होतो. शॉर्ट झाल्यावर फ्यूज असेल तर फ्यूज जातो, नसेल तर वायर तापते, म्हणून दर ड्रायव्हरला फ्यूज लावाच.

स्टेप ६: तरीही चढत असेल तर जाळून टाका

वजनदार फिरता टेबल, उभी जड झेड ॲक्सिस, रोटरी, अशा ठिकाणी कपॅसिटर पुरत नाही. तिथे एनर्जी रेझिस्टरमध्ये जाळायची. ३६ व्होल्टसाठी माझं सर्किट असं: टीआयपी१४२ ट्रान्झिस्टर, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर आणि प्लसच्या मधे १० ओहम ५० वॉटचा ॲल्युमिनियम बॉडीचा रेझिस्टर. प्लसपासून ३९ व्होल्ट १ वॉटचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजला उलटा करंट जाऊ देणारा डायोड), पट्टी प्लसकडे, त्याच्या सिरीजमध्ये २२० ओहम, आणि तिथून बेस. बेस-एमिटरमध्ये १ किलोओहम. लाइन ४०-४१ ला पोचली की झेनर चालू होतो, ट्रान्झिस्टर उघडतो आणि चार अँपियरपर्यंत करंट रेझिस्टरमध्ये जातो. लाइन खाली आली की आपोआप बंद. रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर दोन्ही पॅनलच्या पत्र्यावर बसवा, ट्रान्झिस्टरखाली अभ्रक घाला कारण त्याची पाठ कलेक्टरला जोडलेली असते. झेनर पाच टक्के इकडेतिकडे असतो म्हणून जोडण्याआधी सप्लाय ३६ च्या वर नाही ना हे बघा, नाहीतर रेझिस्टर कायम तापत राहील.

स्टेप ७: वायर आणि कनेक्टर

याला खर्च कमी, कष्ट जास्त. चालू मशीनमध्ये मोटरचा कनेक्टर कधीच काढायचा-घालायचा नाही, आधी सप्लाय बंद, दिवा विझला, मग दहा सेकंद, मग हात. मोटरच्या वायरमध्ये स्विच किंवा रिले नको. स्क्रू टर्मिनलमध्ये वायरला टिन लावून घुसवू नका, सोल्डर दाबाने हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला होतो, त्यापेक्षा फेरूल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची छोटी नळी, क्रिम्प करा. ड्रॅग चेनमध्ये साधी वायर वापरली असेल तर वरून चांगली दिसते आणि आत तारा तुटलेल्या असतात. सप्लाय बंद ठेवून, ड्रायव्हरकडचं टोक काढून, मीटर ओहमवर लावा आणि गॅन्ट्री इकडून तिकडे सावकाश सरकवताना केबल हाताने वाकवत जा. एक-दीड ओहमचा आकडा मधेच कुठे उडाला तर तीच जागा. कोल्हापूरला एक्स ॲक्सिसच्या केबलमध्ये वळणावर असं एक ठिकाण सापडलंच, म्हणजे त्या मशीनमध्ये तीन कारणं एकत्र होती आणि मी फक्त फॅन बसवून मोकळा झालो होतो.

साधे ड्रायव्हर वापरणाऱ्यांसाठी

एल२९८ च्या आत डायोड नसतात, बाहेरून आठ लावावे लागतात, आणि ते फास्ट हवेत. १एन४००७ मंद आहे, त्याऐवजी १२ व्होल्टला १एन५८२२ शॉटकी लावा. यूएलएन२००३ मध्ये डायोड आत आहेत पण ते ९ नंबरची पिन मोटरच्या प्लसला जोडली तरच काम करतात, ब्रेडबोर्डवर ती पिन हमखास सुटते. स्वतः मॉस्फेटने सहा वायरची युनिपोलर मोटर चालवत असाल तर लक्षात ठेवा, एक अर्धी कॉइल चालू असताना दुसऱ्या अर्धीच्या टोकाला सप्लायच्या दुप्पट व्होल्टेज येतं, तेव्हा २४ व्होल्टला निदान १०० व्होल्टचा मॉस्फेट घ्या. आणि ए४९८८, टीएमसी, डीएम५४२ असल्या चॉपर ड्रायव्हरच्या (करंट भराभर चालू-बंद करून मर्यादेत ठेवणाऱ्या) आउटपुटवर, कॉइलच्या दोन टोकांत, कपॅसिटर कधीही लावू नका, प्रत्येक चॉपला तो शॉर्टसारखा करंट खेचतो.

शेवटची टेस्ट

सगळं बसवल्यावर स्टेप २ चं पीक सर्किट परत लावा. रॅपिड मूव्ह, लगेच उलट दिशेला रॅपिड मूव्ह, दोन्ही ॲक्सिस एकदम थांबवणं, पूर्ण वेगात ई-स्टॉप, आणि हाताने नेहमीच्या वेगाने ढकलणं, या पाचही वेळचा आकडा लिहा. सगळ्यात मोठा आकडा ड्रायव्हरच्या मर्यादेपेक्षा निदान १५ टक्के खाली हवा, म्हणजे ५० वाल्याला ४२ च्या आत. नसेल तर आधी ॲक्सेलरेशन, मग कपॅसिटर, मग रेझिस्टर, याच क्रमाने परत बघा. मग तो आकडा आणि तारीख पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुली, मोटर किंवा गॅन्ट्री बदलली की तो जुना झाला, परत मोजायचा.